खिरणीला ‘इतर जंगली झाडां’त ढकलू नका: फलोत्पादन आणि वन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील फलोत्पादन, वन आणि जैवविविधता यांचा कारभार पाहणारे सर्व संबंधित अधिकारी, तसेच डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातील एका रस्त्याच्या रुंदीकरणासाठी तोडावयाच्या झाडांची यादी नुकतीच गावात लावण्यात आली. त्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह आणि ताड यांची झाडनिहाय नोंद आहे. खोडाचा घेर, उंची आणि अंदाजे मूल्य असे सगळे रकाने भरलेले आहेत. रस्त्याच्या कडेची खिरणी या देशी फळझाडाची जुनी झाडे मात्र शेवटच्या ओळीत ‘इतर जंगली झाडे’ या नावाखाली बाभूळ आणि काटेसावर यांच्यासोबत एकत्र मोजलेली आहेत. मी लेखी हरकत घेतली, तेव्हा मला असे सांगण्यात आले की या झाडाला ठरलेला बाजारभाव नाही आणि कायद्याचे संरक्षणही नाही, त्यामुळे त्याची वेगळी नोंद करता येत नाही. उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, कारण त्याच्या हातातल्या नमुन्यात तसा रकानाच नव्हता. तो रकाना आखण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांना हे पत्र लिहीत आहे, आणि ते जाहीरपणे लिहीत आहे, कारण खिरणी हा एका गावाचा किंवा एका रस्त्याचा विषय नाही.

मी डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवरील चिकू बागायतदार आहे. आमची बाग आजोबांच्या हातची असून त्यातली बहुतेक झाडे कालीपत्ती जातीची आहेत. या झाडांचा वरचा भाग चिकूचा असला, तरी ज्या मुळांवर ती इतकी वर्षे उभी आहेत ती मुळे खिरणीची आहेत. चिकू हे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले झाड. आमच्याकडे ते घोलवड-डहाणू परिसरातील इराणी आणि पारशी बागायतदारांनी जोपासले आणि पुढे इतर शेतकऱ्यांनीही उचलले. खिरणी मात्र इथलीच आहे. दोघांचे कूळ एकच, मोहाचे आणि बकुळीचेही तेच, म्हणून खिरणीच्या खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या खालच्या रोपावर, चिकूची काडी सांधते आणि तो सांधा माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतो. खिरणीची मुळे खोल जातात, पाण्याचा ताण सोसतात आणि किनाऱ्याजवळच्या किंचित खारट जमिनीतही तग धरतात. चिकूची कलमे खिरणीच्या खुंटावरच बांधावीत ही शिफारस कृषी खात्याची आणि कृषी विद्यापीठांची आहे. ती आम्हा शेतकऱ्यांनी कल्पनेने मांडलेली नाही. 10 मीटर बाय 10 मीटर अंतरावर लागवड केली, तर एका हेक्टरला चिकूची 100 कलमे लागतात, म्हणजे प्रत्येक नव्या हेक्टरमागे खिरणीची निदान 100 सशक्त रोपे कोणीतरी कुठेतरी वाढवलेली असावी लागतात. ही रोपे ज्या झाडांच्या बियांपासून तयार होतात, त्यांची राज्यात कोठेही गणती झालेली मला आढळली नाही.

ज्यांनी हे झाड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. खिरणीला काही ठिकाणी रांजण म्हणतात आणि आमच्या सीमेलगतच्या गावांत रायण. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव मनिलकारा हेक्झांड्रा असे आहे. ती भारत आणि श्रीलंकेच्या कोरड्या उष्ण जंगलांतली सदाहरित प्रजाती आहे. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि दख्खन असे करत ती खाली तमिळनाडूपर्यंत आढळते. वैशाखात आजूबाजूचे सगळे रान उघडे पडलेले असते तेव्हाही खिरणीची सावली दाट असते. पान जाड, चिवट, वरून गर्द हिरवे आणि चकचकीत. त्याच्या टोकाशी मध्यभागी एक खाच असते आणि त्या खाचेवरून हे झाड कोणालाही ओळखता येते. पान तोडले की देठातून पांढरा चीक येतो. फुले लहान आणि फिकट असतात. फळ साधारण दीड सेंटिमीटर लांबीचे, लांबट गोल, पिकल्यावर पिवळे होते आणि उन्हाळ्याच्या भरात, एप्रिल ते जूनच्या दरम्यान, हाती येते. ते दाताखाली धरून दाबले की गोड गर सालीतून सुटतो आणि मागोमाग ओठांना चीक लागतो, त्यामुळे एका बैठकीत फार फळे खाल्ली जात नाहीत. वाळवलेल्या फळात तो चीक जाणवत नाही आणि गोडी अधिक दाट होते. आत बहुधा एकच बी असते, तपकिरी, काचेसारखी गुळगुळीत, आणि तिच्या एका कडेला फिकट चट्टा असतो. चिकूची बी आणि ही बी शेजारी ठेवल्या, तर नाते लगेच लक्षात येते.

खिरणीचे उपयोग कोणाला नव्याने शोधायचे नाहीत. उन्हाळ्यात वारली आणि इतर आदिवासी समाजांतील बायका टोपल्या घेऊन आठवडे बाजारात आणि स्टेशनाबाहेर बसतात आणि पानाच्या द्रोणातून ही फळे मापाने विकतात. शेतात काम नसते त्या दिवसांत हातात पडणारा हा रोख पैसा आहे. बियांत तेल भरपूर असते आणि गुजरातेत काही भागांत ते खाण्यासाठी वापरत आलेले आहेत. लाकूड इतके कठीण आणि जड असते की ते पाण्यात बुडते. तेलाचे घाणे, मुसळे, घराचे खांब अशा ज्या ज्या ठिकाणी झीज सोसावी लागते तिथे ते वापरले गेले, आणि जुनी मोठी झाडे कमी होण्याचे ते एक मोठे कारणही आहे. साल तुरट असते. ताडी लवकर आंबू नये म्हणून ती वापरण्याची रीत नोंदलेली आहे. बुलबुलांपासून वटवाघळांपर्यंत कितीतरी जीव या फळांवर येतात, आणि श्रीलंकेच्या जंगलांत तर या फळांच्या हंगामात अस्वले झाडावर चढतात. मध्य प्रदेशात मांडूला जाणाऱ्या पर्यटकांना खिरणी ठाऊक असते, कारण तिथे ती विकली जाते आणि लोक आवडीने घरी नेतात. आपल्याकडे तिची विक्री टोपलीच्या पुढे गेलेली नाही.

शेजारच्या गुजरातेत या झाडावर गंभीर काम झाले आहे हेही आपल्या निदर्शनास आणतो. बीकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेचे एक प्रयोग केंद्र गोध्र्याजवळ वेजलपूर येथे आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी खिरणीच्या निवडक झाडांचा अभ्यास करून ‘थार ऋतुराज’ नावाचा वाण दिला. याचा अर्थ असा की खिरणी ही नुसती चिकूची खुंटरोपे पुरवणारी वनस्पती राहिलेली नाही. तिच्याकडे स्वतंत्र फळपीक म्हणून पाहणे शक्य आहे आणि ते पाहिले गेले आहे. बियांपासून वाढलेल्या झाडाला फळ धरायला फार वर्षे लागतात, ही शेतकऱ्याची मुख्य अडचण. कलम केलेले झाड त्याहून बरेच लवकर फळते. कोरडवाहू, मुरमाड, पाणी नसलेल्या जमिनीवर दुसरे काही टिकत नाही अशा ठिकाणी बांधावर दोन-चार खिरण्या लावायला माझ्यासारखे अनेक जण तयार होतील. त्यासाठी रोप मिळाले पाहिजे, आणि ते मिळत नाही.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार कायद्याबाबत आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, ऐन, किंजळ अशी झाडे आहेत, ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खिरणी त्या यादीत नाही. शहरी भागासाठी असलेल्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु खिरणीची जुनी झाडे शहरात नाहीत. ती गावाच्या वेशीवर, देवाच्या जागेत, बांधावर आणि जुन्या रस्त्यांच्या कडेला आहेत, आणि तिथे हा दर्जा पोचत नाही. डहाणू तालुका 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1996 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणही नेमले गेले. इतके संरक्षण लाभलेल्या तालुक्यात एका मूळ देशी फळझाडाची तोड ‘इतर’ म्हणून उरकली जावी हे मला मान्य करता येत नाही. मालवाहू रेल्वे मार्ग, द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन यांच्या आखण्या याच पट्ट्यातून गेलेल्या आहेत. या प्रकल्पांच्या बऱ्यावाईटाची चर्चा या पत्राचा विषय नाही. पण प्रत्येक आखणीत किती खिरण्या गेल्या याचा आकडा आज विचारला, तर तो देता येणार नाही, कारण मोजताना ते नावच लिहिले गेलेले नाही.

दुसरी तक्रार रोपवाटिकांबाबतची आहे आणि तिची झळ मला स्वतःला लागलेली आहे. बागेतली काही म्हातारी झाडे काढून मी एका रोपवाटिकेतून कलमे आणली होती. पावतीवर ‘कालीपत्ती, खिरणी खुंट’ असे स्पष्ट लिहिलेले होते. पुढच्या पावसाळ्यात काही कलमांना सांध्याच्या खालून फुटवे आले. खुंट खिरणीचा असेल तर त्या फुटव्याची पाने लहान आणि टोकाशी खाच असलेली असायला हवीत; ही पाने टोकदार होती आणि फांदीच्या शेंड्याला झुबक्याने आलेली होती. ती चिकूचीच पाने होती. म्हणजे चिकूच्या बियांपासून केलेल्या रोपावर चिकू बांधून तो खिरणीच्या नावाने विकलेला होता. सांध्याखालचा फुटवा आला म्हणून हे कळले. फुटवा न येता बाग वाढली असती, तर दोन-तीन उन्हाळ्यांनंतर झाडे ताण का सोसत नाहीत याचे कारण मी जमिनीत, खतात आणि रोगात शोधत बसलो असतो. फळ रोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा राज्यात 1969 पासून आहे आणि खुंट व डोळकाडी (वर बांधायची काडी) कोठून आणली याची नोंद ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर आहे. ती नोंद तपासायला कोण जाते, आणि गेल्यावर खुंटाचे पान पाहते का, हा माझा साधा प्रश्न आहे. रोपवाटिका चालवणाऱ्यांची बाजूही मी ऐकली आहे. खिरणीची बी जुनी झाली की उगवत नाही, ताजीच पेरावी लागते; उगवणही मागेपुढे होते; आणि रोप पेन्सिलीएवढे जाड होऊन कलम बांधण्याजोगे व्हायला दोन वर्षांच्या आसपास काळ जातो. तोवर त्याला पाणी घालायचे, तण काढायचे आणि दर मात्र चिकूच्या रोपावर बांधलेल्या कलमाइतकाच घ्यायचा, हे व्यवहारात बसत नाही असे ते म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे, आणि ती सोडवल्याशिवाय नुसत्या तपासणीने खिरणीची रोपे वाढणार नाहीत हेही मी जाणतो.

तिसरी तक्रार लागवडीच्या योजनांची. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत चिकू आहे, जांभूळ आहे, कोकम आहे, खिरणी नाही. रस्त्यासाठी तोडलेल्या झाडांच्या बदल्यात जी रोपे लावली जातात, त्यांत गुलमोहर आणि सोनमोहर लवकर वाढतात म्हणून आघाडीवर असतात. वेग हीच कसोटी ठेवली, तर खिरणीचा क्रमांक कधीच लागणार नाही. सावली देणारे, वाऱ्यात न मोडणारे, एकदा जगले की पिढ्यान्‌पिढ्या पाणी न मागणारे झाड रस्त्याच्या कडेला हवे असेल, तर खिरणीइतके योग्य झाड आमच्या पट्ट्यात मला दुसरे दिसत नाही.

चौथी तक्रार सर्वांत कमी बोलली जाते. जैवविविधता अधिनियम, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी अशी तरतूद आहे. आमच्या परिसरातील एका गावाची नोंदवही मी पाहिली. ती इतर गावांच्या मजकुरावरून उतरवल्यासारखी होती आणि गावाच्या चावडीसमोरची खिरणी तिच्यात नव्हती. फळे गोळा करणाऱ्या बायकांना विचारले असते, तर कोणत्या झाडाचे फळ मोठे, कोणते चिकाला कमी, कोणते एक वर्षाआड धरते हे त्यांनी जागेवर सांगितले असते. ही माहिती वेजलपूरच्या शास्त्रज्ञांना झाडे हिंडून मिळवावी लागली. आपल्याकडे ती टोपलीपाशी बसलेली आहे आणि कोणी विचारत नाही.

याच ठिकाणी मला एक शक्यता दिसते आणि ती आपण गांभीर्याने तपासावी अशी विनंती आहे. बाजारात खिरणी विकली गेली की बी रस्त्यावर पडते. तीच बी रोपवाटिकेला हवी असते आणि रोपवाटिकावाल्यांच्या सांगण्यानुसार आज ती बरीचशी गुजरातेतून व्यापाऱ्यांमार्फत येते, कधी ताजी, कधी शिळी. फळे गोळा करणाऱ्या बचतगटांनी गर काढून तो वाळवून विकला आणि ताजी बी त्याच आठवड्यात जवळच्या रोपवाटिकेला दिली, तर एकाच फळाचे दोनदा पैसे होतील, रोपवाटिकेची उगवण सुधारेल आणि बागायतदाराला खरा खुंट मिळेल. वनहक्क कायदा, 2006 ने गौण वनोपजावरचा, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवरचा, हक्क आदिवासी समाजांना दिलेलाच आहे. ज्या झाडापासून दरवर्षी पैसा येतो, ते झाड तोडू देण्यास गावही सहजासहजी तयार होत नाही.

अनुसूचीबाबत एक भीती मला आधीच मांडायची आहे. शेतकऱ्याच्या बांधावरचे झाड नुसते कायद्याच्या यादीत घातले, तर पुढे परवानगीचा ताप नको म्हणून उगवलेले रोप लहान असतानाच उपटले जाते. मोहाच्या आणि सागाच्या बाबतीत हे आम्ही पाहत आलो आहोत. म्हणून संरक्षण आणि मोबदला या दोन गोष्टी एकत्रच आल्या पाहिजेत. एक देऊन दुसरी टाळली तर खिरणीचे भले होणार नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. डहाणू, तलासरी आणि लगतच्या तालुक्यांतील खिरणीच्या सर्व मोठ्या झाडांची गावनिहाय मोजणी करावी आणि ती यादी जाहीर करावी. ती पूर्ण होईपर्यंत रस्ते आणि इतर कामांसाठी या झाडांची तोड थांबवावी. 1964 च्या अनुसूचीत खिरणीचा समावेश करावा आणि त्याचबरोबर ज्यांच्या जमिनीवर बीजवृक्ष म्हणून निवडलेले झाड आहे त्यांना दरवर्षी जतनाचे मानधन द्यावे. परवानाधारक रोपवाटिकांनी प्रत्येक चिकूच्या कलमाच्या चिठ्ठीवर खुंटाचे नाव आणि बी कोठून आणली ते लिहावे, आणि तपासणी करणाऱ्याने विक्रीपूर्वी खुंटाची खात्री करावी. खिरणीवर बांधलेल्या कलमाला, त्याला लागणारा काळ लक्षात घेऊन, वेगळा दर मान्य करावा. शासकीय रोपवाटिकांनी खिरणीची खुंटरोपे स्वतः तयार करावीत. फळबाग योजनेच्या यादीत खिरणी घालावी आणि ‘थार ऋतुराज’ची मातृझाडे मागवून कोकणच्या हवामानात ती कशी वाढतात याची चाचणी दापोलीच्या कृषी विद्यापीठामार्फत घ्यावी. ग्रामपंचायतींनी आपल्या नोंदवह्यांत खिरणीची झाडे, ती कोणाच्या वापरात आहेत आणि कोण फळे गोळा करते याची नोंद फळे गोळा करणाऱ्यांना समोर बसवून करावी.

डहाणू-घोलवड चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हा सर्वांना मनापासून आनंद झाला होता. आता जुन्या बागा थकत चालल्या आहेत, बी पोखरणाऱ्या अळीने नुकसान वाढवले आहे आणि पुढच्या 10-15 वर्षांत फार मोठ्या क्षेत्रावर फेरलागवड करावी लागणार आहे. त्या लागवडीला लागणारा खुंट आज नसेल, तर मानांकन ज्या फळाला आहे ते फळ पिकवणारी बाग पुढच्या पिढीला उभी करता येणार नाही.

या पत्राचे उत्तर मला लेखी हवे आहे, आणि ते एप्रिल संपण्यापूर्वी हवे आहे. खिरणीचे फळ याच सुमारास पिकू लागते, बी ताजी असतानाच गोळा करून वाफ्यात पेरावी लागते, आणि पाऊस सुरू झाल्यावर रस्त्याचे काम व बियांचा हंगाम दोन्ही आपल्या हातून गेलेले असतील. मोजणीसाठी गावोगाव फिरायला माणसे लागतील, तर आम्ही काही बागायतदार स्वखर्चाने सोबत येऊ. जुनी झाडे कोठे आहेत हे आम्हाला आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मंडळींना माहीत आहे.

आपला,
डहाणू तालुक्यातील एक चिकू बागायतदार